ठाकूर जिनदास आणि पाच टेकची क्षमा

जिनदासकाकांच्या हातून आजवर जो काही हिंसाचार झाला, तो कापडावर. तोही कसा, तर कात्रीनं आधी एक बारीक चीर द्यायची, मग दोन्ही हातांनी टर्रकन फाडायचं आणि फाडताना डोळे मिटायचे. शिरपूरच्या बसस्टॉपासमोर त्यांचं कापडाचं दुकान आहे. दुकानात पाल निघाली की काका गादीवरून उठून बाहेर येऊन उभे राहतात आणि पालीला तिचं काम आटपायला वेळ देतात. असा हा माणूस 'खून का खलिहान' नावाच्या हिंदी पिक्चरमध्ये ठाकूर झाला, गावाची अर्धी जमीन बळकावून बसला, सात माणसं मारली आणि दिवाळीच्या आत कुऱ्हाडीखाली मेला. सगळं शिरपूरमध्येच, बसस्टॉपापासून पाच मिनिटांच्या अंतरावर.

हे घडलं पवनमुळे. पवन मानोऱ्याचा. चार वर्षं मुंबईत कुणाचातरी चौथा असिस्टंट म्हणून राबला आणि मग 'आपला पिक्चर आपल्या जिल्ह्यात' असं ठरवून परत आला. ठाकुराच्या गुंडांना लाल गमछे लागणार होते, म्हणून तो कापड घ्यायला दुकानात शिरला, आणि कापडाऐवजी काकांकडेच बघत बसला.

"काका, जरा माह्याकडं पाहा. आता रागावून पाहा."

काकांनी पाहिलं.

"रागावून म्हनलं, काका."

"हे रागावलेलंच आहे," आतून अंगुरीबाई म्हणाल्या. तीस वर्षांचा संसार होता त्यांचा. "याच्या वर नाही चढत ते."

"राग मी शिकवतो, काकू. पन हे पोट पाहा! ह्या मिशा पाहा! मुंबईत असा ठाकूर शोधाले माणसं फिरवतात."

खरी गोष्ट अशी की एवढं पोट, एवढ्या मिशा आणि एवढा मोकळा वेळ हे तिन्ही एकाच माणसाकडे असणं तालुक्यात अवघड होतं. काकांना हे कळत होतं. पण वर्षानुवर्षं एकच इच्छा त्यांच्या पोटात होती, आणि जागा भरपूर असल्यामुळे ती तिथे आरामात राहिली होती. आपण कुठेतरी शिरावं आणि शिरताच लोकांनी गप्प व्हावं. दुकानात ते शिरत तेव्हा गिऱ्हाईक एवढंच म्हणायचं, "शेटजी, जरा सरका, उजेड अडून राह्यला."

काका हो म्हणाले. अटी मात्र घातल्या. ठाकूर पडद्यावरसुद्धा दारू पिणार नाही, म्हणून त्याच्या ग्लासात उकळून गाळलेलं गुळाचं पाणी. ठाकूर सूर्य बुडायच्या आत जेवणार, म्हणून त्याचे सगळे अत्याचार पाचपर्यंत उरकायचे. आणि जैनांच्या दशलक्षण पर्वाचे दहा दिवस ठाकूर मंदिरात असणार, तेवढे दिवस गावानं स्वतःची काळजी स्वतः घ्यावी. पवननं तिन्ही अटी मान्य केल्या.

पहिल्या दिवशी शूटिंग एका खळ्यावर होतं. काका पांढरा जोधपुरी कोट घालून, गळ्यात अंगुरीबाईंची मोत्याची माळ घालून मोटरसायकलच्या मागच्या सीटवरून उतरले. ठाकूर घोड्यावरून येतो असं कथेत होतं. पण घोड्याला त्रास नको, ही काकांची चौथी अट, ती आयत्या वेळी आली होती.

"काका, हा सीन सोपा आहे," पवन म्हणाला. "गरीब शेतकरी रामदीन तुमच्या डोयात डोये घालून बोलते. तुमी म्हनता, 'रामदीन! ठाकूर के सामने नजर उठाता है?' अन् त्याच्या कानाखाली वाजवता. बस्स. ओ रामदीन, या इकडं!"

कडब्याच्या गंजीमागून रामदीन आला. फाटकं धोतर, खांद्यावर घोंगडी, आणि चेहरा असा की त्याला मेकअपची गरजच नव्हती.

ते दौलतराव होते. आणि काकांच्या गळ्यातली माळ एकदम जड झाली.

पवन मानोऱ्याचा असल्यामुळे त्याला काहीच माहीत नव्हतं. बाकी सगळ्या शिरपूरला माहीत होतं. म्हणूनच त्या दिवशी खळ्याभोवती एवढी गर्दी होती, आणि ती आपल्याला बघायला आली आहे असं काकांना रामदीन समोर येईपर्यंत वाटत होतं.

अकरा वर्षांपूर्वी, बाजाराच्या दिवशी, काकांच्या दुकानाच्या बरोब्बर समोर दौलतरावांची बैलगाडी आणि विनोदचा ट्रॅक्टर समोरासमोर आले होते. विनोद म्हणजे मोठ्या घरचा माणूस. मागे कोण सरकणार यावरून आवाज चढले. विनोदनं काठी काढली आणि दौलतरावांच्या खांद्यावर हाणली. दौलतरावांनी त्याला ढकललं, तो खांबावर आपटला, डोकं फुटलं. पोलीस आले. तक्रार विनोदच्या घरच्यांनी आधी दिली होती. जमादारानं दुकानात येऊन विचारलं, "शेटजी, तुमच्या समोर झालं हे. पह्यला हात कोनाचा?"

काकांनी सगळं पाहिलं होतं. पण विनोदच्या घरी त्या उन्हाळ्यात दोन लग्नं होती आणि दोन्ही लग्नांचा बस्ता, म्हणजे नवरीच्या शालूपासून आहेराच्या टोप्यांपर्यंतचं सगळं कापड, काकांच्या दुकानातून जाणार होता. काका म्हणाले, "साहेब, मी कापडाचं थान उलगडत होतो. मान खाली होती माही."

दौलतराव सहा वर्षं वाशीमच्या कोर्टात तारखांना जात राहिले. शेवटी सुटले, पण पुराव्याअभावी. म्हणजे निर्दोष नाहीत, सापडले नाहीत एवढंच, असं गाव समजलं आणि त्यांना 'तारीखवाला दौलत' म्हणू लागलं. विनोदच्या घरचा बस्ता म्हणाल, तर तो अमरावतीहून आला. मान खाली घालून काकांनी जे वाचवलं होतं, ते त्यांच्या दुकानात आलंच नाही. पुढे दौलतरावांच्या लेकीचं, राखीचं लग्न निघालं तेव्हा ते कापडाला वाशीमला गेले. जाताना ऑटो दुकानासमोरून गेला, आणि ऑटोचा पडदा काकांच्याच बाजूनं सोडलेला होता.

"ॲक्शन!" पवन ओरडला.

"रामदीन!" काका म्हणाले. "ठाकूर के सामने..." आणि पुढचं वाक्य काही केल्या तोंडातून निघेना, कारण रामदीन खरोखरच नजर उठवून बघत होता. अकरा वर्षांत पहिल्यांदा. काकांचा हात उठला, हवेत फिरला आणि दौलतरावांच्या गालाला असा लागला की जणू साडीवरचा धागा झटकला.

"कट! काका, थापड मारा, पावडर नोका लावू!"

दुसरा टेक, चौथा, सातवा. गर्दी हसायला लागली. काकांच्या मिशीचं एक टोक घामानं खाली आलं. मग दौलतराव बोलले. काकांशी नाही, पवनशी.

"साहेब, शेटजीले जे जमत नाही ते काहून सांगता? हात उचलनं नाही जमत त्याइले. मान खाली घाला म्हना. ते बेस करतात."

गर्दी गप्प झाली. काकांना हवी होती तशीच, अगदी तश्शी गप्प. फक्त ती त्यांच्यासाठी झाली नव्हती.

शेवटी थापड हीरोच्या हातानं काढली. सोमला, मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा पोरगा, पोलीस भरतीच्या तयारीत घडलेलं अंग. त्यानं काकांचा कोट घालून फक्त हात कॅमेऱ्यासमोर आणला. पिक्चरमध्ये आज तुम्ही पाहाल तर ठाकुराचा दंड अचानक दुप्पट होतो.

घरी आल्यावर काकांनी अंगुरीबाईंना सगळं सांगितलं. आपली फजिती दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगून टाकायची, त्यात थोडा मीठमसाला घालायचा, म्हणजे तिचा चुटका होतो, ही त्यांची जुनी रीत. पण अंगुरीबाई हसल्या नाहीत.

"आता क्षमावाणी येते. मागून टाका एकदाची."

"त्याइले काय समजते आपलं क्षमावाणीचं? ते काय जैन आहेत?"

"अन् तो बँकेचा मॅनेजर जैन होता? इचलकरंजीचा व्यापारी? मागच्या साली तुमी राँग नंबरलेबी क्षमा मागतली. तीनशे चाळीस जनाइले फोटो धाडता हात जोडल्याचा. तुमची क्षमा फोनात फिरते, गल्लीत नाही फिरत."

काकांकडे यावर उत्तर होतं. ते असं की दौलतरावांचा नंबर आपल्याकडे नाही. पण हे मोठ्यानं म्हणण्याइतके ते ठाकूर झाले नव्हते.

दशलक्षण गेलं. पवननं क्लायमॅक्स ठेवला तो नेमका क्षमावाणीच्या, म्हणजे सगळ्यांची क्षमा मागायच्या दिवशी. काकांनी सुट्टी मागितली.

"काका, हात जोडतो. सोमलाची उद्या नागपूरले भरतीची दौड आहे. आज ठाकूर मेला नाही तर मंग मरतच नाही."

तेव्हा काका सकाळी मंदिरात गेले. अभिषेक झाला, मग सगळे एकमेकांना हात जोडू लागले. "उत्तम क्षमा." "उत्तम क्षमा." काका मंदिरात म्हणाले, पायऱ्यांवर म्हणाले, गल्लीतल्या प्रत्येक घरात म्हणाले. शंभरेक तोंडांना हे दोन शब्द वाटून दुपारी ते खळ्यावर आले आणि ठाकुराचा कोट चढवला.

सीन असा होता. ठाकुराचे गुंड मेलेले, म्हणजे लाल गमछे घातलेली आठ पोरं ठिकठिकाणी आडवी आणि त्यातली दोन मोबाईल बघत. ठाकूर गुडघ्यांवर. सोमला कुऱ्हाड घेऊन येतो, पण वार करत नाही. कुऱ्हाड आपल्या बापाच्या, म्हणजे रामदीनच्या हातात देतो आणि म्हणतो, "बापू, इन्साफ तुम करो." ठाकूर हात जोडतो, "रहम करो रामदीन, मुझे माफ कर दो." रामदीन म्हणतो, "माफी? इस मिट्टी से पूछ!" आणि कुऱ्हाड घालतो.

गर्दी त्या दिवशी दुप्पट होती. ठाकूर मरणार म्हणून आलेले थोडे. कोणाच्या हातून मरणार, हे ऐकून आलेले बाकी सगळे.

"ॲक्शन!"

काका गुडघे टेकून बसले. वर पाहिलं. थर्मोकोलच्या, चंदेरी रंग दिलेल्या कुऱ्हाडीमागे दौलतरावांचा चेहरा. काकांनी हात जोडले, आणि सकाळपासून त्या हातांना आणि त्या तोंडाला जी एकच सवय लागली होती, तीच बाहेर पडली.

"उत्तम क्षमा, दौलतराव."

"कट!" पवन कपाळावर हात मारत म्हणाला. "काका! रामदीन! दौलतराव कोन आहे पिक्चरमधी?"

गर्दीत हशा पिकला. काकाही हसले. झाली फजिती, आता ही घरी कशी रंगवून सांगायची, याची जुळवाजुळव त्यांच्या डोक्यात सुरू झाली. पण दौलतरावांनी कुऱ्हाड खाली घेतली नाही.

"कट नोको करू," ते म्हणाले. "कायची क्षमा, शेटजी?"

"तसं... आज सगळ्याइले म्हंतो आमी."

"सगळ्याइची मले नोको. परसादाची पुडी आहे का ते? माही काय आहे ते नाव घेऊन माग."

पवननं कॅमेरा बंद करण्यासाठी हात नेला आणि तसाच थांबला. त्याला काही कळलं नव्हतं. पण महिनाभर तो ज्या शांततेसाठी "सायलेन्स!" म्हणून घसा फोडत होता, ती खळ्यावर आपोआप आली होती. मेलेल्या गुंडांनी मोबाईल खाली ठेवले.

काकांनी हसायचा प्रयत्न केला. मिशी हलली, हसू आलं नाही.

"त्या दिवशी..." ते म्हणाले. "त्या दिवशी मी थान नव्हतो उलगडत. पह्यली काठी विनोदनं मारली. मी पाह्यलं. मान वर होती माही."

दौलतरावांनी मान वळवून गर्दीच्या टोकाकडे पाहिलं.

"मांगच्याइले आयकू आलं का?"

"नाही!" मागून दहाबारा आवाज आले.

"शेटजी, पुन्हा एक टेक घ्या."

आणि काकांनी तिसरा टेक घेतला. मोठ्यानं. इतका मोठा आवाज त्यांनी उभ्या जन्मात काढला नव्हता, आणि तो काढताना छातीत काहीतरी मोकळं झाल्यासारखं वाटलं, म्हणून ते जरा वाहवत गेले. शेवटी "मी पापी आहो, दौलतराव, मी नीच..." असं म्हणत त्यांनी डोळ्यांना कोटाची बाही लावली.

"वाढवू नोको," दौलतराव म्हणाले. "होतं तेवढंच सांग. त्यात रडनं नव्हतं."

चौथा टेक सुरू झाला आणि मालेगावची एसटी रस्त्यावरून हॉर्न देत गेली. पाठीमागचे ओरडले, "हॉर्न आला, हॉर्न आला! पुन्हा!" काका सांगू लागले की विनोदचं नाव ऐकू गेलं असेल, पण त्यांचं कोण ऐकतंय. पवन मात्र आभाळाकडे बघत होता. उजेड चालला होता.

"काका, दौलतकाका, आता तरी कुऱ्हाड घाला ना!"

"थांब. माही बायको विजयमाला वावरात आहे, उडदाच्या शेंगा तोडून राह्यली. माणूस धाडला. तिले येऊ दे."

अर्धा तास सगळं खळं थांबलं. काका गुडघ्यांवरच होते. उठायला त्यांना कुणी नाही म्हटलं नव्हतं, पण उठा असंही कुणी म्हटलं नव्हतं. कुणीतरी ठाकुराला पाणी आणून दिलं, तेही त्यांनी गुडघ्यांवरूनच प्यायलं.

विजयमालाबाई आल्या, ओटीत शेंगा तशाच. त्यांना वाटलं होतं नवऱ्याला काही लागलं. नवरा कुऱ्हाड घेऊन उभा आणि कापडवाले शेटजी त्याच्यापुढे गुडघ्यांवर, हे बघून त्या जागच्या जागी थांबल्या.

"सांगा शेटजी," दौलतराव म्हणाले.

हा पाचवा टेक. काकांनी आवाज चढवला नाही, की रडले नाहीत. होतं तेवढंच सांगितलं. सांगताना त्यांनी दौलतरावांकडे पाहिलं नाही, विजयमालाबाईंकडे पाहिलं.

"पाह्यलं होतं तुमी?" त्या म्हणाल्या.

"हो, वहिनी."

"पुरं?"

"पुरं."

विजयमालाबाई काही वेळ ओटीतल्या शेंगा चाचपत राहिल्या.

"तारखेले जाताना तुमच्याच दुकानासमोर एसटीची वाट पाहो आमी. उन्हात उभी पाहून तुमी मले बसाले स्टूल देत होते. घरी जाऊन म्हनो मी याइले, शेटजी मानूस चांगला आहे, त्याइनं पाह्यलं असतं तं सांगतलं असतं." त्यांनी काकांकडे पाहिलं. "स्टूल देला शेटजी तुमी."

काकांकडे प्रत्येक फजितीसाठी एक चुटका तयार असे. या वाक्यासाठी नव्हता. आजही नाही. ही गोष्ट ते दुकानात सांगतात तेव्हा इथे आले की एखादा तागा उगाच सारखा करतात.

"इन्साफ तुम करो, बापू," बराच वेळ ताटकळलेला सोमला हळूच म्हणाला. कदाचित त्याला वाटलं असेल, आपलं वाक्य राहून गेलं.

आणि दौलतरावांनी कुऱ्हाड घातली. थर्मोकोलची असली तरी शेतकऱ्याच्या हातची होती. काकांच्या खांद्यावर आदळून तिचं पातं तुटून उडालं आणि आडव्या पडलेल्या एका गुंडाच्या पोटावर जाऊन पडलं. काका कोसळले. म्हणजे आधी जमिनीवर मुंग्या आहेत का ते पाहिलं, थोडे डावीकडे सरकले आणि मग कोसळले.

"कट! ओके! पॅकअप!" पवन नाचायलाच लागला. "काका, काय मेले तुमी! एकदम रिअल!"

पिक्चर डिसेंबरात युट्यूबवर आला. आवाज सगळे नागपुरात डब केलेले. ठाकुराला कुणा जाड घशाच्या माणसाचा आवाज आहे आणि शेवटी तो "रहम करो रामदीन, रहम करो" असं दोन मिनिटं ओरडत राहतो. ओठ मात्र भलतंच काहीतरी बोलताना दिसतात. बाहेरगावचे लोक खाली लिहितात की डबिंग बेकार आहे. शिरपूरची माणसं तेवढा भाग आवाज बंद करून बघतात.

दौलतराव शूटिंगनंतरच्या पहिल्याच बाजाराला दुकानात आले. अकरा वर्षांनी. काका गादीवरून धडपडत उठले, चहा सांगितला, दुपारपर्यंत बसा म्हणाले. दौलतराव गादीच्या कडेवर टेकले, चहा बशीत ओतला. तेवढ्यात केनवडचं एक जोडपं धोतरजोडी बघायला आलं. दौलतरावांनी बशी खाली ठेवली.

"शेटजी, त्या दिवशी आमचं भांडण झालं, तवा तुमी काय करत होते?"

केनवडच्या माणसानं एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्याकडे. काकांनी हातातली धोतरं बाजूला ठेवली आणि सांगितलं. पहिल्यापासून, होतं तेवढंच. बाई ऐकता ऐकता "अगं माय!" म्हणाली. माणसानं दौलतरावांना खांद्याला हात लावून विचारलं, "लय लागलं होतं का, भाऊ?" दौलतराव म्हणाले, "लय." आणि उठून गेले.

तेव्हापासून दर बाजाराला ते येतात. नवीन गिऱ्हाईक असलं की विचारतात, ओळखीचंच असलं तर चहा पिऊन जातात. काका सांगतात. आता त्यात ते स्वतःवर एक-दोन कोट्याही करतात, आणि दौलतराव तेवढ्या चालवून घेतात. गावात कुणी 'तारीखवाला' म्हणालं तर आता दुसरा कुणी त्याला गप्प करतो.

परवा अंगुरीबाईंनी आतून बाहेर येऊन सरळ विचारलंच. "दौलतभाऊ, वरीस होत आलं. हे दर बाजाराले सांगून राह्यले. माफ केलं का नाही मंग याइले?"

दौलतरावांनी बशीतला चहा फुंकला. दुकानाबाहेर एक ऑटो येऊन थांबला होता आणि त्यातून चारपाच अनोळखी पाहुणे उतरत होते.

"पाहू," ते म्हणाले. "अजून रिसोडकडची माणसं बाकी आहेत."